घरच्या शेडातली मशीनं आणि आपली दहा बोटं

तीन वर्षांपूर्वीचा मे महिना. संध्याकाळी टेबल सॉवर, म्हणजे टेबलातून गोल ब्लेड वर आलेल्या करवतीवर, फळी चिरत होतो आणि अर्ध्यात लाईट गेली. ब्लेड घरघरत थांबलं, फळी तशीच अडकून राहिली. थोडा वेळ वाट पाहिली, मग घाम पुसत घरात आलो. परभणीच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडात विनाकारण कोण उभं राहणार! रात्री साडेअकराला गच्चीवर पडलेलो असताना लाईट आली आणि खाली अंधारात ब्लेड फिरायला लागलं. मी जिना उतरून दाराशी पोचलो तोवर अडकलेली फळी सुटून समोरच्या पत्र्यावर आदळली होती. पत्र्याला खोल पोचा पडला. मी रोज कापायला उभा राहतो त्या जागेच्या बरोबर मागं.

दुसऱ्या दिवशी आमचे मिस्त्री मामा आले. चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस. त्यांनी पोचा पाहिला, स्विच पाहिला आणि म्हणाले, "गुरुजी, शेतातल्या पंपाला स्टार्टर लावलाव अन् ह्याला पंख्याचं बटन?"

घरी छोटा वर्कशॉप थाटणाऱ्यांसाठी हे लिहितोय. हातात धरायची ड्रिल किंवा ग्राइंडर नव्हे, तर जागेवर बसवलेली मशीनं: टेबल सॉ, रंधा मशीन, पिलर ड्रिल, बेंच ग्राइंडर, पट्टी आरा (दोन चाकांवर फिरणाऱ्या लांब पट्टीची करवत). हातातलं मशीन हिसका देतं तेव्हा निदान ते आपल्या हातात तरी असतं. जागेवरच्या मशीनचं उलटं आहे. ते हलत नाही, आपणच माल आणि हात त्याच्याकडं नेतो. म्हणून प्रत्येक कापाआधी मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: आत्ता हात सटकला, तर तो कुठं जाईल? उत्तर 'ब्लेडवर' असेल तर पकड बदलायची, उभं राहायची जागा बदलायची, नाहीतर तो काप त्या मशीनवर घ्यायचाच नाही.

आधी वीज

सुरुवात स्टार्टरपासून. शेतीच्या मोटारीला असतो तसा हिरव्या-लाल बटनाचा डीओएल (डायरेक्ट ऑन लाइन) स्टार्टर. त्याच्या आत एक कॉइल असते. वीज असेतोवर ती संपर्क ओढून धरते आणि वीज गेली की सोडून देते. लाईट परत आली तरी हिरवं बटन दाबल्याशिवाय मोटर सुरू होत नाही. शिवाय मोटर अडकून जास्त करंट ओढायला लागली की त्यातला ओव्हरलोड रिले ती बंद करतो. एक-दोन एचपीच्या सिंगल फेज मोटरसाठीचा स्टार्टर पंपाच्या दुकानात मिळतो. घेताना मोटरच्या पाटीवरचे अँपिअर दाखवूनच घ्या.

आता आपल्याकडची खास चूक. रात्री-अपरात्री लाईट येते म्हणून शेतकरी पंपाला 'ऑटो' बसवतात, म्हणजे लाईट आली की पंप आपोआप चालू. विहिरीवर ती सोय आहे. पण शेतातला जुना स्टार्टर काढून शेडात लावणार असाल, तर त्याला ऑटो जोडलेला नाही ना हे आधी उघडून पाहा. करवतीला ऑटो म्हणजे मी त्या रात्री जे ऐकलं, ते रोज.

लाल बटन मोठं, छत्रीसारखं घ्या आणि मांडीने किंवा गुडघ्याने दाबता येईल अशा उंचीवर बसवा. फळी ब्लेडात अडकते तेव्हा दोन्ही हात फळीवर असतात. बटन भिंतीवर असेल तर एक हात सोडावा लागतो, आणि नेमका तेव्हाच घात होतो.

अर्थिंगचं काम वायरमनवर सोडून मोकळे होऊ नका. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. अर्थिंगची पट्टी किंवा पाइप त्या सुकलेल्या मातीपासून सुटतो आणि अर्थिंग नावापुरती उरते. खड्ड्यात मीठ-कोळसा भरलेला असला तरी मार्च ते जून त्यात आठवड्याला एक-दोन बादल्या पाणी ओतत जा. वर्षातून एकदा, तेही मे महिन्यातच, मीटर लावून मोजून घ्या. पावसाळ्यात मोजलेली अर्थिंग सगळ्यांचीच चांगली येते. त्याशिवाय ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा खटका. एमसीबी हा जास्त करंट ओढला की पडणारा खटका. एमसीबी वायर वाचवते, आरसीसीबी माणूस वाचवते. एक आहे म्हणून दुसरी नको, असं होत नाही.

२ एचपीची सिंगल फेज मोटर चालताना दहा-बारा अँपिअर घेते आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. तिला १६ अँपिअरचा सॉकेट आणि निदान २.५ चौरस मिमी तांब्याची वायर लागते. मंडपवाल्याची एक्स्टेन्शन इथं चालणार नाही.

व्होल्टेजचंही तसंच. रब्बीत गावातले पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. म्हणजे २३० चे १८० व्होल्ट झाले की जोर जवळजवळ साठ टक्क्यांवर येतो. मोटर घुमते, वेग घेत नाही आणि तापते. आपण फळी जोरात ढकलतो, ब्लेड अडतं. स्टार्टरजवळ शंभर-दोनशे रुपयांचं व्होल्टमीटर लावा. काटा २०० च्या खाली असेल तर त्या दिवशी घासकाम, रंगकाम करा. कापायचं काम सकाळी.

थ्री फेज घेतलेल्यांनी आणखी एक गोष्ट पाहायची. डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) जळून नवीन बसली किंवा लाइनमनने खांबावर काही केलं, की कधीकधी फेज उलटतात. पंप उलटा फिरला तर पाणी नीट येत नाही, एवढंच. ब्लेड उलटं फिरलं तर त्याचा नट सुटायला लागतो. म्हणून लाइनवर कुठलंही काम झालं की आधी माल न लावता मोटर क्षणभर फिरवून बंद करा आणि ब्लेड बाणाच्या दिशेनंच फिरतंय ना हे पाहा.

अंगावर काय नको

गळ्यातला गमछा आधी खुंटीला. घाम पुसायला तो लागतो हे मला माहीत आहे, पण पिलर ड्रिलवर वाकल्यावर त्याचं टोक पहिल्यांदा स्पिंडलजवळ, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याजवळ जातं. मनगटातला दोरा, कडं, अंगठी, सैल बाह्या, ओढणी, पदर, मोकळी वेणी या सगळ्यांना तोच नियम. पदर खोचून वरून एप्रन घट्ट बांधायचा.

हातमोजे हवेत असं पुष्कळांना वाटतं. फिरणाऱ्या पात्यापुढं, ड्रिलपुढं किंवा रंध्यापुढं हातमोजे घालायचे नाहीत. उघड्या बोटाला दात लागला तर जखम होते. हातमोज्याचा धागा अडकला तर तो अख्खा हात आत ओढतो. मोजे फक्त माल उचलताना आणि ब्लेड बदलताना.

डोळ्यांवर बाजूने झाकणारा चष्मा. नंबरचा चष्मा म्हणजे संरक्षण नव्हे. कानात प्लग, कारण करवतीचा आवाज सहज ९५ डेसिबलच्या पुढं जातो आणि ८५ च्या वर रोजचा काही तासांचा आवाजही वर्षानुवर्षं ऐकला की ऐकू कमी येतं. मिस्त्री मामांशी फोनवर बोलायचं तर मला ओरडावं लागतं, यावरून काय ते समजा. पायात चप्पल नको. शहाबादी फरशीवर भुसा पडला की ती शेवाळासारखी निसरडी होते.

लाकूड तपासणं

मराठवाड्यात घरगुती सुताराला सगळ्यात चांगलं लाकूड कुठं मिळतं? पाडलेल्या माळवदाच्या घरांत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवकडं तर लोकांनी मातीची जड माळवदं धास्तीनंच उतरवली. आताही कुठं ना कुठं वाडा पडत असतो आणि सागाच्या तुळया, खांब, किलचा विकायला येतात. असलं पिकलेलं सागवान नवीन विकत घ्यायची माझी तरी ऐपत नाही.

पण त्या लाकडात शंभर वर्षांचे खिळे असतात. काही डोकं मोडून आत राहिलेले, वरून दिसतच नाहीत. शिवाय भेगांत माळवदाची पांढरी माती घट्ट बसलेली असते. ती रंध्याच्या पात्याची धार दोन फेऱ्यांत घालवते. खिळा ब्लेडला लागला तर दातावर बसवलेल्या कठीण टिपाचा तुकडा उडतो, आणि तो कुठं जाईल ते सांगता येत नाही.

म्हणून आधी तारेच्या ब्रशने माती काढायची, खोबणी टोकदार लोखंडाने कोरून साफ करायच्या. मग जुन्या स्पीकरमधला मोठा चुंबक दोऱ्याला बांधून चारही बाजूंनी अगदी जवळून फिरवायचा. ओढला गेला की खडूने खूण. लाकडावर काळानिळा डाग दिसला तर तिथं लोखंड आहेच असं समजा, सागात गंजलेला खिळा असा डाग सोडतो. खिळा निघत नसेल तर तेवढा तुकडा हातकरवतीने कापून टाका. वाईट वाटतं, पण टाका. वाकलेली, पिळलेली फळी आधी एका बाजूने सपाट करून घ्या. टेबलावर डुलणारी फळी ब्लेडात आवळते.

टेबल सॉ

इथं जास्त वेळ थांबतो, कारण घरातल्या मशीनमध्ये मला सगळ्यात जास्त भीती याचीच आहे.

१० इंची ब्लेड मिनिटाला ४००० फेरे घेत असेल तर त्याचा दात ताशी १९० किलोमीटरच्या पुढं पळतो. मनमाड-काचीगुडा मार्गावरची कुठलीच गाडी एवढी पळत नाही. ब्लेडचे पुढचे दात फळी खाली टेबलावर दाबतात, मागचे दात खालून वर येतात. फळी सरळ चालली तर मागचे दात चिरेतून नुसते फिरतात. पण फळी थोडी तिरपी झाली किंवा चीर मिटून ब्लेडला आवळली, की मागचे दात ती उचलतात आणि वरून फिरवत तुमच्याच दिशेने फेकतात. त्याला किकबॅक म्हणतात. तो इतका पटकन होतो की दिसतच नाही, फक्त लागतं. शिवाय फळी फिरताना आपला हात सोबत ओढते. बोटं बहुतेक वेळा अशी जातात. 'हात ब्लेडवर नेला' असं कोणी करत नाही.

यावर पहिला उपाय म्हणजे ब्लेडच्या मागं उभी असलेली पातळ पट्टी, स्प्लिटर. ती चीर मिटू देत नाही आणि फळीला मागच्या दातांवर चढू देत नाही. आपल्याकडं मिळणाऱ्या रंधा-कटर जोडमशिनीत ती बहुधा नसते, असली तरी पहिल्याच आठवड्यात काढून ठेवलेली असते. नसेल तर फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्या. जाडी अशी हवी की दातांच्या रुंदीपेक्षा कमी आणि पात्याच्या जाडीपेक्षा जास्त. म्हणजे दात ३.२ मिमी आणि पातं २.२ मिमी असेल तर पट्टी अडीच मिमीची. ब्लेडपासून पाच-सहा मिमी अंतरावर, ब्लेडच्या बरोबर रेषेत. बसवल्यावर लाकडी पट्टी दोन्हींना टेकवून बघा, कुठं प्रकाश दिसता कामा नये.

दुसरी गोष्ट गाईड, म्हणजे फेन्स. ते ब्लेडला समांतर हवं. ब्लेडच्या एका दाताला खडूने खूण करा, तो पुढं आणून गाईडपर्यंतचं अंतर मोजा, मग तोच दात हाताने फिरवून मागं न्या आणि पुन्हा मोजा. अर्थात स्टार्टर बंद आणि प्लग काढलेला. दोन्ही मापं सारखी यायला हवीत. मागं अंतर कमी भरलं तर गाईड फळीला ब्लेडवर दाबतंय, त्या मशीनवर त्या दिवशी काम नाही.

आता एक फळी चिरू. दोन फूट लांब, सहा इंच रुंद, तिच्यातून दोन इंचाची पट्टी काढायची आहे.

ब्लेडची उंची फळीपेक्षा थोडीच जास्त, दातांमधल्या खाचा फळीच्या वर येतील एवढी. मागं फळी टेकायला टेबल किंवा स्टूल आहे का पाहा. नसेल तर शेवटी फळी खाली झुकते, आपण ती पकडायला ब्लेडवरून वाकतो, आणि त्या वाकण्यातच सगळं होतं. टेबलावरचे तुकडे, टेप, पेन्सिल काढा. ढकलकाठी गाईडच्या उजवीकडं हाताला येईल अशी ठेवा. फळी सुरू झाल्यावर काठी शोधायला लागलात तर ती असून उपयोग नाही.

उभं राहायचं ब्लेडच्या रेषेत नाही, थोडं डावीकडं. डावा पाय पुढं. हिरवं बटन दाबा, ब्लेडला पूर्ण वेग घेऊ द्या. डाव्या हाताने फळी गाईडला टेकवून ठेवायची, पण तो हात ब्लेडच्या पुढच्या टोकाशी पोचायच्या आतच थांबतो. तिथून पुढं तो जात नाही. उजवा हात मागून ढकलतो. जोर लावावा लागत असेल तर थांबा. ब्लेड बोथट आहे, व्होल्टेज कमी आहे किंवा फळी आवळतेय. जोर लावून ढकलताना काप एकदम सुटला की हात पुढं झोकांडी खातो. तोच प्रश्न: तो कुठं जाईल?

ब्लेडपासून वीतभर अंतर राहिलं की उजव्या हाताने ढकलकाठी घ्या. पट्टी दोन इंचांची असल्यामुळे गाईड आणि ब्लेड यांच्यात हात नेण्याचा प्रश्नच नाही. काठीने पट्टी ब्लेडच्या पार पलीकडं, स्प्लिटरच्याही मागं जाईपर्यंत ढकलायची. अर्ध्यात सोडलेली पट्टी ब्लेड आणि गाईडच्या मध्ये असते, तीच बाणासारखी येते. डावीकडचा तुकडा हाताने उचलायचा नाही. लाल बटन, ब्लेड पूर्ण थांबेपर्यंत वाट, मग उचला. हे काही सेकंद कंटाळवाणे असतात. मी त्या वेळात हातातलं पुढचं माप पाटीवर लिहून टाकतो.

ढकलकाठी बारा मिमी प्लायची करा. पुढं पक्ष्याच्या चोचीसारखी खाच, मागं मूठ. तीन-चार करून ठेवा. ब्लेडला लागून तिच्यावर खाचा पडल्या तर पडू द्या, आपल्या बोटांऐवजी पडतात त्या.

आडवा काप घेताना गाईड आणि मायटर गेज (फळी कोनात धरून पुढं सरकवायची पट्टी) एकत्र वापरू नका. कापलेला तुकडा गाईड आणि ब्लेडच्या मध्ये सापडतो आणि फिरतो. सारख्या लांबीचे तुकडे हवे असतील तर गाईडला ब्लेडच्या बरंच अलीकडं एक ठोकळा क्लॅम्प करा. माप ठोकळ्याला टेकवून घ्या, कापताना तुकड्याला मोकळी जागा राहू द्या. आणि गाईड किंवा गेज न वापरता नुसत्या हाताने फळी ब्लेडमध्ये कधीच घालू नका.

एक जुगाड मी इथं नाव घेऊन सांगतो, कारण तो जागोजागी दिसतो. चार इंची मार्बल कटर किंवा अँगल ग्राइंडर उलटा करून प्लायखाली बसवायचा, त्याला दातांचं लाकडाचं ब्लेड लावायचं, झालं टेबल सॉ. ही हत्यारं मिनिटाला अकरा-बारा हजार फेरे घेतात. ब्लेडवर त्याहून कमी कमाल वेग छापलेला असेल तर ते तिथं लावणं म्हणजे उघड धोका. स्प्लिटर नाही, झाकण नाही, बटन प्लायच्या खाली लॉक केलेलं. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' हे आमच्याकडं गमतीत म्हणतात. या जुगाडाला ते लागू करू नका. पैसे कमी असतील तर चांगली हातकरवत घ्या.

रंधा मशीन

सिलेंडरमधली दोन-तीन पाती मिनिटाला चार-पाच हजार फेरे घेत असतात आणि त्यांनी कापलेलं बोट पुन्हा जोडता येत नाही, कारण त्याचे भुश्यासारखे तुकडे होतात. त्यावरची जाळी, म्हणजे सरकतं झाकण, काढायचं नाही. मी एकदा पाती साफ करून जाळी बसवायची विसरलो होतो. मिस्त्री मामा दारातूनच ओरडले, "जाळी काढून ठिवली का? बोटं जास्तीची हायती का तुम्हाला?"

एक फुटापेक्षा आखूड तुकडा यावर चालवायचा नाही. तो टेबलाच्या फटीत डोकं घालतो आणि हाताखालून निघून जातो. हात उघड्या पात्यांवर फळीच्या पाठीमागून दाबत नेण्याची सवय बहुतेक सुतारांना असते. ती लावून घेऊ नका. खाली रबर चिकटवलेले दोन ठोकळे करा आणि फळी त्यांनीच दाबा. एका फेरीला १ मिमीपेक्षा जास्त घ्यायचं नाही. गाठ आली की आणखी कमी.

पिलर ड्रिल

दिसायला गरीब मशीन. म्हणूनच इथं लोक निष्काळजी असतात. माझ्या डाव्या तळहातावर एक पांढरी रेघ आहे. पत्र्याचं छोटं कोयंडं, त्याला ६ मिमीचं भोक. हातातच धरलं होतं. बिट आरपार निघता निघता पत्र्यात अडकलं आणि कोयंडं पंख्यासारखं फिरलं. पकड बऱ्यापैकी घट्ट होती, तरीही.

बिट अडकतं ते नेहमी भोक आरपार जाताना. म्हणून छोटा आणि पातळ माल वाइसमध्ये किंवा क्लॅम्पने टेबलाला बांधायचा. पत्र्याखाली लाकडाचा तुकडा ठेवायचा. लांब पट्टी असेल तर तिचं डावीकडचं टोक खांबाला टेकवायचं, म्हणजे फिरायला गेली तरी खांब अडवतो. वेग बिटच्या मापाप्रमाणे: साध्या लोखंडात १० मिमीच्या बिटला सुमारे ८०० फेरे, बिट लहान तसा वेग जास्त. चकची (बिट पकडणाऱ्या जबड्याची) चावी चकमध्ये ठेवून मशीन सुरू करणं ही सगळ्यात जुनी चूक. चावीला दोरी बांधून ठेवू नका, ती दोरीच गुंडाळते. मी चावीला लाल रंग दिलाय आणि मशीनच्या डोक्याला चुंबक लावलाय. चावी चुंबकावर दिसली तरच बटन.

बेंच ग्राइंडर

नवीन दगड बसवण्याआधी तो बोटावर टांगून पेचकसाच्या लाकडी मुठीने हलकेच ठोका. टण्ण वाजला तर चांगला, थप्प वाजला तर आत तडा आहे, फेकून द्या. दगडावरचा कमाल वेग मशीनच्या वेगापेक्षा जास्त हवा. दोन्ही बाजूंचे कागदी वायसर काढायचे नाहीत. टूल रेस्ट (हत्यार टेकवायची पट्टी) आणि दगड यांत ३ मिमीपेक्षा जास्त फट नको. दगडाच्या वर झाकणाला असलेल्या पट्टीपाशी ६ मिमीपेक्षा जास्त नको. दगड झिजेल तशी रेस्ट पुढं घ्यावी लागते, आणि ते कोणी करत नाही. फट मोठी झाली की विळा किंवा पटाशी तिच्यात खेचली जाते.

सुरू करताना बाजूला उभं राहा, एक मिनिट नुसतं फिरू द्या. दगड फुटणार असेल तर बहुधा तेव्हाच फुटतो. दगडाच्या कडेच्या सपाट बाजूवर घासायचं नाही. ॲल्युमिनियम तर अजिबात नको, ते दगडात भरून बसतं.

ग्राइंडर कुठं ठेवता तेही पाहा. दिवाळीनंतर आपल्याकडं घराघरांत कापूस येऊन पडतो, पडवीत, शेडात, जिथं जागा मिळेल तिथं. कडब्याची गंजी अंगणात. ठिणगी कापसात पडली तर लगेच ज्वाळा दिसत नाही, आत धुमसत राहते आणि रात्री पेटते. कापूस शेडात असेतोवर ग्राइंडर बंद. करवतीचा भुसाही त्याच्याखाली साठू देऊ नका.

पट्टी आरा

थोडक्यात: वरचा गार्ड मालाच्या अर्धा सेंटिमीटर वरपर्यंत खाली आणा, बोटं चिरेच्या रेषेतून बाहेर ठेवा, गोल ओंडका व्ही आकाराच्या ठोकळ्यात बसवल्याशिवाय कापू नका. पट्टी तुटली तर लाल बटन दाबून बाजूला व्हा. चाकं पूर्ण थांबल्याशिवाय दार उघडायचं नाही.

भुसा आणि जवसाचं तेल

लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवते असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवलंय. एमडीएफच्या धुळीत वर फॉर्मल्डिहाइडचा डिंक असतो. तोंडाला रुमाल बांधून ती अडत नाही, एन ९५ मास्क लागतो. भुसा झाडू मारून उडवण्यापेक्षा पाणी शिंपडून उचला, अर्थात मशीनचा प्लग काढून.

पॉलिशला जवसाचं तेल वापरत असाल तर त्याची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडतं. बोळ्यात ती साठते आणि चिंधी आपोआप पेटते. त्यात बाहेर ४३ डिग्री. चिंधी अंगणात तारेवर मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात टाका.

लागलंच तर

आधी लाल बटन. मग स्वच्छ कापड जखमेवर ठेवून घट्ट दाबा आणि हात छातीच्या वर धरा. सारखं उचलून बघू नका, दहा मिनिटं दाबून ठेवा. सुजायच्या आत अंगठी काढा. हळद, चुना, तंबाखू, कॉफी काहीही भरायचं नाही. डॉक्टरला आधी तेच धुवावं लागतं.

बोट तुटून पडलं तर ते उचला. माती असेल तर स्वच्छ पाण्याने हलकेच धुवा, ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या दुसऱ्या पिशवीत ठेवा. बोट थेट बर्फात टाकलं तर गोठून खराब होतं. जखमी माणसाला चहापाणी देऊ नका, भूल द्यावी लागेल. १०८ ला फोन करा. बोट जोडण्याचं काम सगळीकडं होत नाही. तुमच्यापासून जवळ कुठं होतं, नांदेडला विष्णुपुरीला, संभाजीनगरला घाटीत की एखाद्या खासगी दवाखान्यात, ते आज चौकशी करून ठेवा आणि नंबर स्टार्टरशेजारी खडूने लिहा.

डोळ्यात लोखंडाचा कण गेला तर चोळायचं नाही आणि पदराच्या टोकाने कोणाला काढूही द्यायचा नाही. थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडं.

कुलूप आणि खंडेनवमी

शेडाला कुलूप हवंच, आणि शेडाची एमसीबी घरात, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी. सुट्टीत भाचे-पुतणे आले की मी ती खाली पाडून ठेवतो. एकट्याने काम करायचं असेल तर घरात कोणाला तरी सांगून जातो.

मशीनची वर्षाची उघडझाप खंडेनवमीला करतो. सगळ्यांचे प्लग काढून पट्टे तपासायचे, भेगा गेलेला पट्टा बदलायचा, नट आवळायचे, मोटरच्या जाळीतला भुसा काढायचा. कॅपॅसिटरला हात लावायचा नाही. वीज बंद असली तरी त्यात चार्ज राहतो. मग हळद-कुंकू, हार. हार दांड्यावर किंवा चकवर न घालता स्टार्टरच्या खोक्याला घाला आणि दुसऱ्या दिवशी पहिलं बटन दाबण्याआधी उतरवा. हल्ली झेंडूच्या माळा बऱ्याचदा नायलॉनच्या दोऱ्यात ओवतात. तो तुटत नाही, गुंडाळत जातो.